दोन मशिदी, दोन लढाया आणि आमचा मोहल्ला

गेल्या वर्षी बकरी ईदनंतर आमच्या मोहल्ल्यातील मशिदीत दोन कुलपे लागली. एक खाली ऑफिसच्या खोलीला, जिथे माइकचे मशीन, चंद्याची रजिस्टरे आणि जनाज्याची चादर ठेवलेली असते. दुसरे वरच्या मजल्याला, जिथे मुलांचा मकतब भरतो. एक कुलूप जुन्या कमिटीचे, दुसरे नव्या गटाचे. नमाजचा हॉल उघडाच राहिला, पण त्यात दोन जमाती होऊ लागल्या. एक वेळेवर, दुसरी पंधरा मिनिटांनी. पहिल्या जमातीचे लोक सलाम फेरून निघत आणि दुसऱ्या जमातीचे लोक वजूखान्यात उभे असत. एकमेकांकडे कोणी बघत नसे.

भांडणाचे मूळ नव्या स्लॅबच्या हिशेबात होते. किती सिमेंट आले, किती लागले, उरलेले कुठे गेले. मग त्यात इमामसाहेबांची नेमणूक आली, मग कोण कोणत्या जमातीचा, कोणत्या मसलकचा हे आले. अशा गोष्टी कुठून सुरू होतात आणि कुठे जातात हे वाचकांना वेगळे सांगायला नको. मोहल्ल्याचे नाव आम्ही लिहीत नाही. अकोल्यातले असो की अमरावतीतले, ज्याला त्याला ते आपलेच वाटेल.

आमच्या घरात मात्र त्याने रेघ ओढली. थोरले चाचा जुन्या कमिटीत. फुफाजान नव्या गटात. फूफी लग्न होऊन गेल्यापासून एकही ईद आमच्या घरी आल्यावाचून राहिल्या नव्हत्या. कुलपे लागली त्याआधीच्या त्या ईदला त्या आल्या नाहीत, फक्त कुर्बानीचा हिस्सा पाठवला. धाकटीचा नाजिरा अठराव्या पाऱ्यावर थांबला, कारण मकतब बंद. आणि एका रात्री जेवताना थोरल्याने विचारले, "मशीद आता कोणाची आहे? चाचांची की फुफांची?"

कोणीच काही बोलले नाही. नानाजान त्या आठवड्यात आमच्याकडे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून ते निवृत्त झाले. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाले, "पंधरा ऑगस्टला सुट्टी आहे ना? झेंडावंदन झाले की गाडी काढा. पोरांना दोन मशिदी दाखवायच्या आहेत. एक आता, एक दिवाळीच्या सुट्टीत."

उर्दूत यादवीला खानाजंगी म्हणतात. खाना म्हणजे घर. घरातली जंग. हा शब्द आम्ही शंभर वेळा ऐकला असेल, पण त्यातले घर त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा ऐकू आले, नानाजानांनी फोड करून सांगितली तेव्हा. आपल्या वऱ्हाडात लढाई म्हटली की लोक अडगाव आणि गाविलगड सांगतात, १८०३ मधल्या, इंग्रजांशी झालेल्या. त्या पुस्तकात आहेत. पण या मातीत त्याआधी ज्या लढाया झाल्या त्यातल्या कितीतरी खानाजंगीच होत्या, आणि त्यांच्याबद्दल आपण मुलांना काही सांगत नाही. का सांगत नाही, असे आम्ही विचारले. नानाजान म्हणाले, "कारण त्यात कोणाची बाजू घ्यावी ते आपल्याला कळत नाही."

अकोल्याच्या जुन्या शहरातून बाहेर पडताना असदगडाचे बुरूज दिसले. ज्या असद खानाच्या नावाने हा गड ओळखला जातो तो औरंगजेबाचा वजीर. त्याचा मुलगा जुल्फिकार खान १७१३ मध्ये दिल्लीत गळा आवळून मारला गेला, तख्तासाठी एकाच घराण्यातले दोघे लढले त्या भांडणात. म्हणजे आमच्या घराजवळच्या बुरजाचीही एक खानाजंगी आहेच.

बाळापूरला पोहोचलो तेव्हा मन नदीला पाणी होते. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला आहे. एकाच्या आत एक असे तीन दरवाजे, आत पंचकोनी कोट, प्रत्येक कोपऱ्याला बुरूज, आणि विटांचे काम असे की आजचे गवंडी पाहून गप्प होतील. औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याने तो बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नवाब इस्माइल खान याने १७५७ मध्ये पुरा केला. पुष्कळ ठिकाणी आजमशहाने १७२१ मध्ये सुरुवात केली असे छापलेले आढळते. थोरल्याने मोबाइलवर तेच वाचून दाखवले. नानाजान हसले. "आजमशहा १७०७ मध्येच गेला. कसा गेला माहीत आहे? सख्ख्या... नाही, सावत्र भावाशी लढताना. आग्र्याजवळ जाजऊला. बाप जाऊन चार महिने झाले नव्हते." ज्याने कोट बांधायला घेतला तोच भाऊबंदकीत मेला, आणि कोट पन्नास वर्षे तसाच पडून राहिला.

या पन्नास वर्षांच्या मधोमध बाळापूरची लढाई येते. १० ऑगस्ट १७२०. आम्ही तिथे उभे होतो त्या दिवसाला पाच दिवस कमी असलेली तारीख, तोच पाऊस, तीच काळी माती. निजाम-उल-मुल्क माळव्यातून निघून नर्मदा उतरला, असीरगड आणि बऱ्हाणपूर घेतले, जूनमध्ये खांडव्याच्या बाजूला दिलावर अली खानाला मारले. दिल्लीत त्या वेळी बारह्याच्या सय्यद बंधूंचे राज्य होते, बादशहा नावाला. औरंगाबादेत त्यांचा पुतण्या आलम अली खान सुभा सांभाळत होता. वय विशीतले. तो सैन्य घेऊन आला. मध्ये पूर्णा दुथडी भरून वाहत होती. वऱ्हाडचा सुभेदार इवज खान निजामाचा नातलग. त्याच्या मदतीने नदीचा उतार सापडला आणि निजामाची फौज शेगावच्या बाजूने चिखल तुडवत बाळापूरजवळ आली. ज्यांनी श्रावणात कपाशीच्या शेतात पाय घातला आहे त्यांनाच त्या चिखलाची कल्पना येईल. तोफा, बैल, हत्ती, आणि वरून पाऊस.

खाफी खानाने आपल्या तवारीखेत लिहिले आहे की आलम अली खान हत्तीवर बसून लढत होता, भाते रिकामे झाले तेव्हा स्वतःला लागलेले बाण उपसून तेच तो उलट मारत होता. शेवटी मारला गेला.

थोरल्याने तेवढ्यात विचारायचे ते विचारले. "नानाजान, आपले लोक कोणत्या बाजूला होते?"

हा प्रश्न तो शाळेतून शिकून आला आहे. गावात ताण वाढला की मोबाइलवर जे फिरते त्यात प्रत्येक जुनी लढाई आपली आणि त्यांची अशी वाटून दिलेली असते. नानाजानांनी बोटे मोडून सांगितले. आलम अलीच्या बाजूला शाहू महाराजांकडून आलेली मराठा फौज होती. निजामाच्या बाजूला रावरंभा निंबाळकर होता. दोन्हीकडे मुसलमान, दोन्हीकडे मराठे. दोन्हीकडच्यांनी सकाळी नमाज पढली असेल, एकाच दिशेला तोंड करून. "आता सांग, आपले कोण?"

थोरला गप्प झाला. खरे सांगायचे तर आम्हीही.

नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. २५ फूट चौरस, ३३ फूट उंच, काळ्या दगडाची. जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला वारले, म्हणजे लढाईच्या वेळी ही छत्री जुनी झालेली होती. तिच्याखाली त्या पावसात कोण आडोशाला आले असेल, कोणत्या बाजूचे, याचा विचार आम्ही करत होतो. धाकटी मात्र खांबांच्या मधून पळत होती. इमारतींचे असेच असते. लढणाऱ्यांना त्या आडोसा देतात, ओटा देतात, पाणी देतात, आणि बाजू विचारत नाहीत. या लढाईनंतरचीच एक गोष्ट नानाजानांनी सांगितली, ती आम्हाला तलवारबाजीपेक्षा जास्त लक्षात राहिली. आलम अली मारला गेल्याची खबर औरंगाबादेत पोहोचली तेव्हा सय्यदांच्या घरातल्या बायका आणि मुले तिथे होती. त्यांनी दौलताबादचा किल्ला गाठला आणि तिथल्या किल्लेदाराने त्यांना आत घेतले. जिंकणारा कोण हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकले होते. तरी त्याने दरवाजा उघडला. आमच्या घरातून फूफीला मात्र कोणी साधा फोनही केला नव्हता.

खामगावला चहा झाला, डब्यातले पराठे संपले आणि मोताळ्याच्या बाजूने आम्ही रोहिणखेडला पोहोचलो. घाटाच्या अगदी पायथ्याशी हे गाव आहे. वर बालाघाट, खाली वऱ्हाडचे मैदान. वरून येणाऱ्या आणि खालून जाणाऱ्या फौजा इथेच एकमेकांना भिडायच्या. १४३७ मध्ये इथे बहामनी सरदाराने खानदेशच्या नसीर खानाला हरवले. त्या लढाईचे कारण ऐकून आमच्या घरातल्या बायका हसल्याही आणि हळहळल्याही: नसीर खानाची मुलगी बहामनी सुलतानाला दिलेली होती, तिला नीट वागवले नाही म्हणून बाप चालून आला होता. सासऱ्या-जावयाचे भांडण, आणि मेले कोण, तर शिपाई.

पण आम्ही आलो होतो ती मशीद पाहायला. लहान आहे. दगडी आहे. सुबक आहे. गाडीतून उतरून पहिल्यांदा पाहिली तेव्हा धाकटी म्हणाली, "एवढीशी?" जवळ गेल्यावर तिने दगडावर हात फिरवला आणि मग बराच वेळ काढला नाही. ही मशीद १५८२ मध्ये खुदावंद खान महदवीने बांधली. याच माणसाने त्याच्या आदल्या वर्षी, १५८१ मध्ये, साखरखेर्ड्याला दुसरी मशीद बांधली. तिथे आम्ही दिवाळीत जाणार होतो.

खुदावंद खान महदवी होता, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांना मानणारा. त्यांचा दावा आपण मानत नाही, मतभेद आहे तो आहे, आणि या पानावर तो सोडवायचा नाही. पण तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत या मतभेदाने तलवारी बाहेर काढल्या होत्या. जमाल खान नावाचा महदवी सरदार दरबारात सर्वेसर्वा झाला आणि त्याने इस्माइल नावाच्या कोवळ्या मुलाला तख्तावर बसवले. या इस्माइलचा बाप बुर्‍हाण जिवंत होता. अकबराच्या आश्रयाला राहिलेला होता. तो परत आला, खानदेशच्या राजा अली खानाला सोबत घेतले आणि आपल्याच मुलाच्या फौजेवर चालून गेला. १५९१ मध्ये दोघे रोहिणखेडला भिडले. जुन्या गॅझेटियरमध्ये साल १५९० दिले आहे. गोळी लागून जमाल खान पडला, मुलगा इस्माइल पकडला गेला, बाप सुलतान झाला, मुलगा कैदेत गेला.

आणि ही मशीद त्या वेळी नऊ वर्षांची होती. हरलेल्या पक्षाच्या माणसाने बांधलेली. बुर्‍हाणने तख्तावर बसताच महदवी पंथाचा जोर मोडून काढला. पण मशीद राहिली. चारशे तीस वर्षांहून जास्त काळ राहिली. जमाल खान कोण हे गावात कोणाला विचारावे लागते, बुर्‍हाण कोण हेही विचारावे लागते.

जोहरची वेळ झाली होती. बाहेर निंबाखाली चादर अंथरून आम्ही नमाज पढलो. नानाजान पुढे, थोरला आणि बाकी पुरुष मागे, मग बायका. एकच जमात. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण दोन महिन्यांत आमच्या घराने एकत्र पढलेली ती पहिली नमाज होती.

नमाजनंतर नानाजान तिथेच बसून राहिले. नानीजान हजला गेल्या होत्या तेव्हा हतीममध्ये दोन रकात पढल्या होत्या, ती गोष्ट त्या नेहमी सांगतात. काबागृहाच्या एका बाजूला अर्धगोल भिंत आहे, आतली जागा काब्याचाच भाग मानली जाते. नानाजानांनी थोरल्याला विचारले, "हतीम बाहेर का आहे, माहीत आहे?" त्याला माहीत नव्हते. आमच्यापैकीही अर्ध्यांना अर्धेच माहीत होते.

कुरैशांनी प्रेषितांच्या (स.) नबुव्वतीपूर्वी काबा नव्याने बांधला तेव्हा हलालचा पैसा कमी पडला आणि एक भाग बाहेर राहिला. पुढे हिजरी ६४ मध्ये, म्हणजे ६८३ साली, मुसलमानांचीच फौज मक्केवर चालून आली. यझीदने पाठवलेली. आत हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (र.) होते. त्या वेढ्यात काबागृहाला आग लागली, हजरे अस्वदला तडे गेले. यझीद मेल्याची खबर आली तेव्हा वेढा उठला. मग इब्ने जुबैर (र.) यांनी काबा पुन्हा बांधला आणि आपल्या मावशी हजरत आयशा (र.) यांच्याकडून ऐकलेल्या हदीसप्रमाणे हतीम आत घेतला, दोन दरवाजे जमिनीलगत ठेवले. नऊ वर्षांनी हज्जाज बिन यूसुफ आला. पुन्हा वेढा, पुन्हा मंजनीकमधून दगड. इब्ने जुबैर (र.) शहीद झाले. आणि खलीफा अब्दुल मलिकच्या हुकमाने काबा पुन्हा कुरैशांच्या नकाशाप्रमाणे करण्यात आला. हतीम परत बाहेर.

"आता पुढचे ऐका," नानाजान म्हणाले. "शंभरेक वर्षांनी एका अब्बासी खलीफाने इमाम मालिकांना (रह.) विचारले, इब्ने जुबैर बरोबर होते, तर मी काबा पुन्हा त्यांच्या नकाशाप्रमाणे बांधू का? इमामसाहेबांनी नको सांगितले. म्हणाले, असे केले तर अल्लाहचे घर बादशहांच्या हातातले खेळणे होईल. आज तू पाडशील, उद्या दुसरा पाडेल."

आम्ही वजूच्या वेळी ज्या गोष्टीवरून एकमेकांकडे पाहत नव्हतो ती गोष्ट किती सिमेंट आले ही होती. इमाम मालिकांच्या समोर प्रश्न होता की नकाशा कोणाचा बरोबर. तिथे बरोबर कोण हे ठाऊक असूनही त्यांनी हात आखडला. थोरले चाचा तिथे नव्हते, फुफाजानही नव्हते. त्यांनी हे ऐकायला हवे होते असे आम्हाला वाटले. मग वाटले, आम्ही ऐकले तेच पुरे आहे. आम्हीही काही कमी बोललो नव्हतो या भांडणात.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. मुले झोपली आणि मोठ्यांमध्ये हलबचा विषय निघाला. सीरियातल्या यादवीत तिथल्या जामे मशिदीचा मिनार २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळला. अकराव्या शतकातला मिनार. सरकारने म्हटले बंडखोरांनी पाडला, बंडखोरांनी म्हटले सरकारने पाडला. दगड मशिदीच्या सहनमध्ये ढीग होऊन पडले. नऊशे वर्षे त्या मिनाराने कोणकोणती राज्ये पाहिली, आणि तो पडला तो अजान देणाऱ्यांच्याच दोन बाजूंमध्ये सापडून. ती बातमी आम्ही त्या वेळी टीव्हीवर पाहिली होती आणि शत्रूंवर खापर फोडून मोकळे झालो होतो. त्या रात्री बाळापूरच्या पुलावरून जाताना ते तितके सोपे वाटले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पातूर, मालेगाव, मेहकर करत साखरखेर्ड्याला गेलो. या वेळी फूफी सोबत होत्या. कशा आल्या ते सांगायला हवे. काही मोठे झाले नाही. नानीजानने फोन केला आणि म्हणाली, "पराठे तू कर, माझ्याने आता होत नाही." फुफाजान आले नाहीत. चाचा गाडीत पुढे बसले आणि फूफी मागे. चिखलीकडचा फाटा येईपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, मग रस्ता चुकला आणि बोलावे लागले.

साखरखेर्ड्याची लढाई बाळापूरनंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर १७२४ मध्ये झाली. जिंकणारा तोच, निजाम-उल-मुल्क. समोर या वेळी हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान. हे दोघे शत्रू नव्हते. बाळापूरनंतर मुबारिज खान निजामाला येऊन मिळाला होता आणि निजामानेच त्याला बढती मिळवून दिली होती. मग दिल्लीहून मुहम्मदशहा बादशहाने मुबारिज खानाला गुपचूप कळवले की निजामाला हटव, दख्खन तुझे. बादशहाला दोघेही जड झाले होते, कोणीही मेला तरी एक कमी होणार होता. बाजीराव पेशव्यांची फौज या वेळी निजामाला साहाय्य करत होती. मुबारिज खान मारला गेला, त्याचे दोन मुलगेही. निजामाने त्याचे डोके दिल्लीला पाठवले, बादशहाला मुबारकबाद देत, की तुमचा बंडखोर मारला. बादशहाने ती स्वीकारली आणि पुढच्या वर्षी निजामाला आसफजाह हा किताब दिला. हे ऐकून चाचा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. ते सरकारी नोकरीत होते, त्यांना यातले काही नवीन वाटले नसावे.

निजामाने या गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा ठेवले. विजयाचे गाव. जुन्या नकाशांत आणि इंग्रजी गॅझेटियरमध्ये ते नाव आहे. पण आम्ही मेहकरला रस्ता विचारला तेव्हा साखरखेर्डा म्हणूनच विचारला आणि लोकांनी साखरखेर्डा म्हणूनच सांगितला. एसटीच्या पाटीवरही तेच. तीनशे वर्षांत ती फतेह कोणाच्या तोंडात बसली नाही.

खुदावंद खानाची मशीद इथेही उभी आहे. १५८१ ची. लढाईच्या वेळी १४३ वर्षांची होती. रोहिणखेडची तिची धाकटी बहीण लढाईच्या वेळी नऊ वर्षांची. एकाच माणसाने वर्षभराच्या अंतराने बांधलेल्या दोन मशिदी, दोघींच्या गावी मुसलमान मुसलमानांशी लढले, एकदा बाप मुलाशी, एकदा मित्र मित्राशी. फूफींनी भिंतीला हात लावला, दुपट्टा सावरला आणि विचारले, "याला बांधायला पैसे कोणी दिले, हिशेब कोणी ठेवला, काही कळते का?" चाचा हसले. आम्हीही हसलो. ती थट्टा होती की टोमणा, हे फूफींनाच ठाऊक.

हैदराबादचे एक सांगायचे राहिले. मुबारिज खानाने मरण्यापूर्वी हैदराबाद शहराभोवती तट बांधायला घेतला होता. तो अर्धवट राहिला. ज्याने त्याला मारले त्या निजामानेच तो पुढे पुरा केला. बाळापूरचा कोट आजमशहाने सुरू केला आणि दुसऱ्याच घराण्याने पुरा केला. नानाजानांच्या हिशेबाने दख्खनमधल्या कितीतरी भिंतींचा खालचा अर्धा भाग एका पक्षाचा आणि वरचा दुसऱ्या पक्षाचा आहे. चाचा म्हणाले, "म्हणजे स्लॅब आमचा आणि मिनार त्यांचा, असे म्हणता?" नानाजान म्हणाले, "मी इतिहास सांगतो आहे. कमिटीचे मला काही कळत नाही."

वर लिहिले त्या निजामशाहीचे पुढे काय झाले तेही थोरल्याने विचारले. बुर्‍हाण चार वर्षांत मेला. मग दरबारात चार गट, प्रत्येकाचा आपापला वारसदार. त्यातल्या मियाँ मंजूच्या गटानेच मोगलांना बोलावले. बुर्‍हाणची बहीण चाँदबीबी अहमदनगरच्या तटावर उभी राहिली, तटाला पडलेले भगदाड रातोरात बुजवून घेतले, आणि शहर वाचले. पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. रोहिणखेडला बाप आणि मुलगा ज्या सुभ्यात लढले तो सुभा पाच वर्षांत दोघांच्याही घराण्याच्या हातात राहिला नाही. बाळापूरजवळ शहापूर आहे, तिथे मग अकबराच्या मुलाने, मुरादने, आपला मुक्काम बांधला. चाँदबीबीला चार वर्षांनी तिच्याच लोकांनी मारले.

सूरह हुजुरात आपण सगळेच पढतो. ईमानवाल्यांचे दोन गट आपसात लढले तर त्यांच्यात सुलह करा, आणि एक गट ज्यादती करत असेल तर त्याला थांबवा, पण मग सुलह न्यायाने करा, असा त्यातला आदेश आहे. परत येताना चाचांनीच हा विषय काढला आणि म्हणाले की लोक पहिले वाक्य सांगतात आणि न्यायाचे विसरतात. स्लॅबचा हिशेब मांडल्याशिवाय सुलह कसली. फूफी मागून म्हणाल्या, "मग मांडा ना. आम्ही कुठे नको म्हणतो." मालेगावपासून पातूरपर्यंत त्यावर दोघांचे जोरात भांडण झाले. सिमेंटच्या गोण्यांपासून सळईच्या वजनापर्यंत. मागचे सहा महिने ते एकमेकांशी बोललेही नव्हते, म्हणून आम्ही मध्ये पडलो नाही.

हिशेबाचे रजिस्टर ऑफिसच्या कुलपात होते. डिसेंबरमध्ये ते कुलूप निघाले आणि दोन्हीकडच्या तीन-तीन माणसांसमोर रजिस्टर उघडले गेले. काही रकमा जुळल्या, काही अजून जुळायच्या आहेत. जमात सध्या एक आहे. वरच्या मकतबचे कुलूप मात्र तसेच आहे, कारण त्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते मुलीकडे मुंबईला गेले आहेत. ते आले की बघू म्हणतात. तोपर्यंत धाकटी फूफींकडे जाऊन पढते. परवा तिचा एकविसावा पारा सुरू झाला.